बोंडलं, झाकण, ड्रॉपर की सिरिंज?

दोन वर्षांखालच्या बाळाला पातळ औषध पाजायला बिनसुईची सिरिंज घ्यावी. चार-पाच वर्षांच्या मुलाला बाटलीवरचं मापाचं झाकण पुरतं. मधल्या वयात मूल किती धडपडतं आणि औषध किती कडू आहे, यावर ठरवा.

चांदीचं बोंडलं वरच्या दुधापुरतं ठीक. त्यावर खुणा नसतात, औषधाचा पाक तळाला चिकटून राहतो आणि मांडीवर आडव्या बाळाच्या तोंडात धार गेली की ठसका लागतो. घरातल्या चमच्याचंही तेच. चिठ्ठीवरचा ‘एक चमचा’ म्हणजे ५ मिली, पण फडताळातले सगळे चमचे त्या मापाचे नसतात.

झाकणात ५ मिली नीट मोजता येतं, १.८ मिली नाही. ते हातात धरून न पाहता ओट्यावर ठेवा आणि डोळे खुणेच्या पातळीला आणा. कडेला चिकटलेलं सिरप चमचाभर पाण्यात विसळून तेही पाजा. ड्रॉपर ज्या बाटलीचा, त्याच बाटलीला वापरायचा.

सिरिंजमध्ये माप आणि धार दोन्ही आपल्या हातात राहतात. केमिस्टकडून साधी सिरिंज आणलीत तर सुई आणि टोपी आधी बाजूला काढा. टोपी टोकाला राहिली तर दाबताना सुटून बाळाच्या घशात अडकू शकते. इन्सुलिनची सिरिंज नकोच, तिच्यावर मिली नसून युनिट असतात. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा, सिरिंजचं टोक गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा, अर्धा-अर्धा मिली सोडा, गिळलं की पुढचं. जिभेच्या मागे जोरात मारलं तर औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. नाक दाबून पाजणं त्याच कारणानं धोक्याचं.

पण साधनापेक्षा मोठी चूक बाटलीची होते. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये बहुधा १ मिलीत १०० मिग्रॅ औषध असतं. सिरपमध्ये ५ मिलीत १२५ किंवा २५० मिग्रॅ. डॉक्टरांनी ८ किलोच्या बाळाला १२० मिग्रॅ सांगितलं असेल तर ड्रॉप्स १.२ मिली, १२५चं सिरप ४.८ मिली आणि २५०चं २.४ मिली लागेल. ड्रॉप्स संपले म्हणून सिरप तेवढंच दिलं तर ताप हटत नाही. उलट १२५च्या सिरपचं माप ड्रॉप्सला लावलं तर चौपट डोस जातो. म्हणून डोस मिलीबरोबर मिग्रॅमध्येही लिहून घ्या आणि लेबलाशी ताडून पाहा.

कडूपणावर उपाय औषधागणिक वेगळा. अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आंबट फळांच्या रसात घातलं की आणखी कडू लागतं. आधी चमचाभर गार दही किंवा बर्फाचं पाणी दिलं तर जीभ थोडी बधिर होते (सहा महिन्यांखाली हे नको). मध वर्षाच्या आत अजिबात नाही. आणि बाटलीभर दुधात औषध मिसळू नका. बाळानं अर्धं दूध टाकलं, तर किती डोस गेला ते कळत नाही. शिवाय दुधाचाच राग धरतं तो वेगळा.

पाजल्या पाजल्या सगळं ओकलं तरी मनानं दुसरा डोस देऊ नका. किती मिनिटांनी आणि किती पडलं ते डॉक्टरांना फोनवर सांगा.