पगारपत्रकावर २६ दिवस, सरकारदरबारी १२

चाकणच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागलेल्या आणि लागू पाहणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा. आम्हाला लुबाडलं ते कागदोपत्री सगळं चोख ठेवून, म्हणूनच इतके महिने कुणाला पत्ता लागला नाही.

पगारपत्रकावर बेसिक आणि विशेष भत्ता धरून १३,००० रुपये, म्हणजे ५०० रुपये रोजाने २६ दिवस. त्यातून पीएफ १,५६०, त्याखाली ‘पीएफ कंपनी’ असं लिहून आणखी १,६९०, ईएसआयसीचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, ९८. खात्यात जमा ९,६५२. पगार झाला की त्याच संध्याकाळी सुपरवायझर गेटबाहेर उभा राहायचा आणि एटीएममधून काढून प्रत्येकाने २,००० रोख त्याच्या हातात द्यायचे. नाही दिले तर दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. बँकेच्या नोंदीत मात्र पगार पूर्ण पोचलेला दिसतो. चार तासांचा ओव्हरटाइम रोज, तोही सिंगल दराने. कायद्याने तो दुप्पट हवा.

हे १,६९० कामगाराच्या पगारातून कापताच येत नाहीत. मालकाचा १२ टक्के हिस्सा आणि वरचा एक टक्का विमा-प्रशासनाचा खर्च, दोन्ही मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचे. ठेकेदार म्हणायचा, ‘सगळीकडे असंच असतं.’ नसतं. कापलंच तर तो गुन्हा आहे.

भांडं फुटलं ते पॅकिंगमधल्या एका मावशींच्या आजारपणात. कावीळ झाली, महिनाभर घरी. औषधपाणी ईएसआयसीच्या दवाखान्यातून झालं, पण आजारपणाचा भत्ता नाकारला. तो मिळायला सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. मावशींची भरली होती ७२. वर्षभर एक खाडा नसलेल्या बाईची! ठेकेदाराने महिन्याला फक्त १२ दिवस दाखवले होते.

मग सगळ्यांनी उमंग ॲप उघडून पीएफचं पासबुक पाहिलं. कंपनीच्या वायफायवर ते उघडतच नव्हतं, जेवणाच्या सुटीत टपरीवर जाऊन पाहिलं. नुसती जमा रक्कम पाहू नका, शेजारी वेतनाचा रकाना असतो तो पाहा. आमच्या तिथे ६,००० होते. म्हणजे आमचे ७२०, मालकाचे ७८०, एकूण १,५०० भरायचे आणि आमच्याकडून ३,२५० कापायचे. माणशी १,७५० ठेकेदाराच्या घशात, रोखीचे २,००० वेगळेच. शंभरावर माणसं होती, गुणाकार तुम्हीच करा.

कंपनीच्या एचआरने हात झटकले: ‘तुम्ही ठेकेदाराची माणसं.’ हे ऐकून परत फिरू नका. ठेकेदाराने पगार किंवा पीएफ बुडवला तर ज्या कंपनीत काम केलं तिच्यावर ती जबाबदारी येते. पीएफ कार्यालयात आम्ही लेखी अर्जाला पगारपत्रकं, पासबुकाची प्रिंट आणि हजेरी कार्डाचे फोटो जोडले. काम झालं ते हजेरी कार्डामुळेच, कारण त्यावर २६ दिवसांचे पंच होते. चौकशी लागल्यावर कंपनीनेच ठेकेदाराची बिलं अडवली आणि पीएफचा फरक भरला गेला. मावशींचं प्रकरण ईएसआयसीत अजून चालू आहे.

रोखीचे पैसे परत आले नाहीत. त्याचा अर्ज कामगार आयुक्तांकडे दिला आहे आणि तिथे पुराव्यावर अडलंय. दर महिन्याला पगाराच्याच दिवशी २,००० काढल्याची बँक स्टेटमेंट बऱ्याच जणांनी दिली आहेत. पण काहींनी एटीएमला रांग म्हणून सुपरवायझरला फोनवरून पैसे पाठवले होते, ते स्क्रीनशॉट सगळ्यात मोलाचे. ठेकेदाराने आता बायकोच्या नावाने नवी फर्म काढली आहे आणि भरती चालू आहे. त्याच्याकडे काम केलेल्या कुणाच्या मोबाइलमध्ये असे व्यवहार असतील तर डिलीट करू नका, मला मेसेज करा. पुढच्या तारखेला ते सोबत जोडायचे आहेत.