लिमोनियमच्या नावाखाली स्टॅटिसची रोपं विकतायत, मावळातल्या फूलशेतकऱ्यांनी सावध राहा

लिमोनियम आणि स्टॅटिस ही गुच्छांत वापरायची, जवळच्या नात्यातली फुलझाडं. 'टिश्यू कल्चरचं बहुवर्षायू लिमोनियम', म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेलं, म्हणून आमच्या गळ्यात साध्या स्टॅटिसची, बियांपासून केलेली रोपं मारली गेली. एजंट म्हणाला, एकदा लावा, तीन-चार वर्षं फुलं काढा. ताजी विका, नाहीतर वाळवून आम्हालाच द्या. भाव स्टॅटिसच्या रोपाच्या कित्येक पट, आणि निम्मे पैसे आगाऊ.

रोपं जोमात वाढली. थंडीत दांडे आले आणि एकाच ट्रेमधल्या रोपांना जांभळी, पांढरी, पिवळी अशी फुलं निघाली! टिश्यू कल्चरची रोपं एकाच मातृझाडाची असतात, त्यांत असे रंग फुटत नाहीत. मार्केट यार्डातल्या आडत्यानं गड्डी हातात घेतली आणि दांड्यावरच्या पंखांसारख्या कडांवर बोट ठेवलं. ही स्टॅटिसची खूण. त्यासाठी फुलं येईपर्यंत थांबायचीही गरज नाही: स्टॅटिसचं पान मुळ्याच्या पानासारखं कातरलेलं असतं, बहुवर्षायू संकरित लिमोनियमचं सहसा अखंड.

उन्हाळा लागताच झाडं बसली. स्टॅटिस वाईट पीक नव्हे. त्याचा रंग कागदासारख्या पुष्पकोशात (फुलाच्या बाहेरच्या आवरणात) असतो, म्हणून अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलटं टांगून वाळवलं तरी टिकतो. पण आपल्याकडे ते दरवर्षी नव्यानं लावावं लागतं, आणि आमच्याकडून पैसे घेतले ते अनेक वर्षांच्या पिकाचे.

खरेदीच्या हमीपत्रात लिहिलंय, 'माल निर्यातीच्या दर्जाचा वाटल्यास खरेदी करू.' वाटल्यास म्हणजे कोणाला, ते कुठेच नाही. फोन आता बंद आहे. शेजारच्या पोरानं सोसायटीचं कर्ज काढून हीच रोपं घेतली, त्याचं फार वाईट वाटतं.

टिश्यू कल्चर रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणन व्यवस्था 2006 पासून आहे. प्रयोगशाळेला ती मान्यता आहे का, ते आधी विचारा. बिलावर जातीचं पूर्ण नाव आणि लॉट नंबर लिहून घ्या, नुसतं 'फुलझाडांची रोपं' चालवून घेऊ नका. सदोष बियाण्यासाठी शेतकरी ग्राहक म्हणून दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये मान्य केलंय. त्याच आधारावर आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे.

ज्यांच्या शेतात ही झाडं अजून उभी आहेत, त्यांनी ती उपटू नका. आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पंचनामा करून घ्या, आणि दांड्यांचे, मिसळलेल्या रंगांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा.