सेकंडहँड ट्रॅड गिअर घेताना मी अशी फसले

आठ कॅम (भेगेत उघडून अडकणारी साधनं), अकरा नट (धातूच्या पाचरी), दहा क्विकड्रॉ (आखूड पट्टीने जोडलेले दोन-दोन कॅरॅबिनर, म्हणजे उघडझाप करणाऱ्या कड्या), सहा लांब स्लिंग (शिवलेल्या कापडी पट्ट्या). कडे चढायचं वापरलेलं सामान, एकूण ३८ हजार रुपये. नवा कॅम आपल्याकडे बराच महाग मिळतो, त्यामुळे हा आकडा ऐकून मी हुरळले. पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण यातलं एक स्लिंग जरी मी कड्यावर वापरलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून झोपू देत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सह्याद्रीत आपण बहुतेक चढाया बोल्ट आणि पेगवर करतो. ट्रॅड म्हणजे कातळात काही ठोकायचं नाही. भेगेत कॅम किंवा नट बसवायचा, त्याला क्विकड्रॉने रोप अडकवायचा आणि मागून येणाऱ्याने तो काढून आणायचा. सहा वर्षं सेकंड, म्हणजे दुसऱ्याच्या मागून, चढल्यावर मला यात लीड करायची होती, म्हणजे स्वतः पुढे चढायचं होतं. पुण्याजवळच्या एका छोट्या कड्यावर तळहात आत जाईल एवढी उभी भेग आहे, ती डोक्यात बसली होती. पुण्यात हे सामान दुकानात क्वचितच दिसतं. एका जाहिरातीत अख्खा सेट दिसला, मी लगेच मेसेज केला.

नळस्टॉपजवळच्या एका अमृततुल्यात भेटलो. मुलगा पंचविशीतला, बोलायला गोड. शिकायला कॅनडाला चाललोय, परवाची फ्लाइट आहे, अजून दोघे मागे लागलेत, असं म्हणाला. "ताई, मी स्वतः यांच्यावर पडलोय, एकही निसटला नाही." चढाईतला माणूस आहे हे बोलण्यावरून कळत होतं आणि तिथेच माझा विश्वास बसला. घाई करणारा विक्रेता दिसला की उठून यावं, हे मला भाजीबाजारात कळतं; तिथे कळलं नाही.

खरी चलाखी रंगांची होती. ब्लॅक डायमंडचे कॅमलॉट, डीएमएमचे ड्रॅगन, वाइल्ड कंट्रीचे फ्रेंड, या तिन्ही कंपन्यांच्या कॅममध्ये प्रत्येक मापाला ठरलेला रंग असतो आणि मधल्या मापांचा रंगक्रम, लहानाकडून मोठ्याकडे, एकच आहे: जांभळा, हिरवा, लाल, पिवळा, निळा. आम्हा सगळ्यांना तो पाठ असतो. मी टेबलावर रंग मोजले, पाचही आले, शिवाय तीन बारके. सेट पूर्ण! प्रत्येक कॅमच्या दांड्यावर काळी टेप गुंडाळलेली होती. गिअर ओळखू यावं म्हणून सगळेच टेप लावतात, म्हणून मी ती सोलून बघितली नाही. यूपीआयने पैसे पाठवले. खात्यावरचं नाव त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळं होतं. "वडिलांचं आहे," म्हणाला.

पुढच्या शनिवारी जायचं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या ग्रुपमधल्या काकांकडे सहकारनगरला सामान घेऊन गेले. काका ऐंशीच्या दशकापासून चढतात. कोणताही कॅम असो, ते त्याला फ्रेंडच म्हणतात, कारण १९७८ साली बाजारात आलेला पहिला यशस्वी कॅम त्या नावाचा होता. नोकरी भोसरीला टूलरूममध्ये झाली, त्यामुळे घरात व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, असतोच. सतरंजी अंथरली आणि एकेक नग हातात घेतला.

पहिल्यांदा त्यांनी टेप सोलल्या. लाल आणि पिवळ्या कॅमच्या टेपखाली वेगळ्याच कंपनीचं नाव निघालं, मेटोलियसचं. त्या कंपनीचा रंगक्रम निराळा आहे. कॅमलॉटचा पिवळा ३७ ते ६४ मिलिमीटरच्या भेगेत बसतो, म्हणजे अख्खा पंजा आत जातो तिथे. माझा पिवळा पूर्ण उघडूनही दोन-सव्वादोन सेंटिमीटरच्या पुढे जाईना. तो बोटं जेमतेम जातील अशा भेगेचा. लालची तीच गत, तो जवळजवळ जांभळ्याच्याच मापाचा निघाला. काकांनी कागदावर मापं एकाखाली एक मांडली. हिरवा ४१ मिलिमीटरला संपतो, निळा ५१ ला सुरू होतो. मधे काहीच नाही. शिवाय कॅम पूर्ण उघडलेला असताना भरवशाचा नसतो, निम्म्याहून जास्त मिटलेला बसायला हवा. म्हणजे खरी पोकळी त्याहून मोठी. आणि मला जी भेग चढायची होती ती नेमकी त्याच मापाची! वर वीस फुटांवर गेल्यावर कमरेला हात घातला असता आणि बसणारं काहीही मिळालं नसतं.

मग स्लिंग. मूळ शिलाई मशीनची, दाट, आडव्या टाक्यांची असते आणि धाग्याचा रंग बहुधा पट्टीपेक्षा वेगळा, म्हणजे झीज लगेच दिसते. इथे तीन कॅमच्या पट्ट्यांवर पट्टीच्याच रंगाचा, सरळ धावता टाका होता. काकांनी दाभणाने एका टोकाचा धागा उचलला आणि ओढला. तांदळाच्या गोणीचं तोंड उघडावं तशी अख्खी शिवण सर्रकन उसवली. पट्टी दोन तुकड्यांत माझ्या मांडीवर पडली. काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. सुट्या सहा स्लिंगवर उत्पादनाच्या वर्षाचं लेबलच नव्हतं, कापून टाकलेलं. कापडी सामान न वापरताही जुनं होतं, बहुतेक कंपन्या जास्तीत जास्त दहा वर्षं सांगतात. लेबल कापलेलं असलं की वय कळायचा मार्गच उरत नाही.

कॅरॅबिनर आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. वीसपैकी चार उरलेल्यांपेक्षा बरेच हलके भरले. त्यांचं गेट बाजूला हलत होतं, किती भार झेपतो ते सांगणारे किलोन्यूटनचे आकडे कोरलेले नव्हते, छापलेले होते. नखाने खरवडले तर निघाले. सीई या युरोपीय मानकाच्या खुणेपुढे चार अंकी क्रमांक असतो, तोही नव्हता. खऱ्या कॅरॅबिनरला लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन झेपावे लागतात. हे किती झेपणार, देव जाणे. नकली गिअर ही ऐकीव गोष्ट नाही: पेट्झल या फ्रेंच कंपनीने २०११ मध्ये स्वतःच्या मालाच्या हुबेहूब नकलांबद्दल जाहीर इशारा दिला होता.

उरलेल्या अस्सल क्विकड्रॉंमध्येही एक गोष्ट होती जी मला आधी माहीत नव्हती. बोल्टच्या पत्र्याला अडकवलेल्या कॅरॅबिनरला आतून धारदार खाचा पडतात. तो पुढे रोपाच्या बाजूला वापरला तर रोपाचं आवरण कापलं जातं. म्हणून दोन्ही टोकं कायम वेगळी ठेवायची. या पठ्ठ्याने सगळी उलटसुलट करून, पुसून चकचकीत केली होती. काकांनी माझं बोट धरून एका खाचेवरून फिरवलं. बारीक करवतीचा दात लागावा तसं लागलं.

मी रडले. काका रागावले नाहीत. "अगं, वेगवेगळ्या कंपन्यांचं सामान एकत्र असणं वाईट नाही, माझंही तसंच आहे. फक्त रंगावर जाऊ नकोस, प्रत्येकाचे मिलिमीटर लिहून काढ," म्हणाले. त्यांच्याकडे बारके कॅम एका कंपनीचे आहेत, कारण त्यांची डोकी अरुंद असल्याने उथळ भेगेत जातात, मोठे दुसरीचे. वहीत प्रत्येकाचं लहानात लहान आणि मोठ्यात मोठं माप आहे आणि दोन शेजारी मापं एकमेकांवर थोडी चढतील हे पाहिलेलं आहे. नट मात्र त्यांचे दुप्पट. आपल्या बेसॉल्टमध्ये भेगेच्या कडा अनेकदा ठिसूळ असतात आणि कॅम दोन्ही भिंतींवर जबरदस्त रेटा देतो. मुठीने ठोकल्यावर कातळ बद्द वाजला तर तिथे कॅम लावायचा नाही. खाली निमुळत्या होणाऱ्या कपारीत नट छान बसतो.

त्याच रात्री मी त्या मुलाला फोन केला. "वापरलेलं गिअर असंच असतं, ताई," म्हणाला आणि ब्लॉक केलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबरच्या पोर्टलवर नोंदवली, चौकीत अर्ज दिला. पावती नाही, चॅट त्याने पुसलेला, माझ्याकडे फक्त यूपीआयची नोंद. पैसे परत आलेले नाहीत. पट्ट्या आणि ते चार कॅरॅबिनर मी कापून, वाकवून टाकले, म्हणजे भंगारातून कुणाच्या हाती लागणार नाहीत. पाच कॅम आणि नट ठीक आहेत. कॅमच्या पट्ट्या बदलून घ्यायच्या आहेत, आणि त्या कंपनीकडूनच.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, या वेळी "जर्मनीला चाललोय" आणि किंमत ३५ हजार. फोटो तेच: निळी चादर, पांढऱ्या चौकडी, मधोमध काळी टेप लावलेला पिवळा कॅम. तो कॅम आत्ता माझ्या टेबलावर आहे, टेप सोललेला.