सीटबेल्टमधली लाल माती

जुनी गाडी घ्यायची ठरवली तेव्हा आमचं बजेट तीन लाखांचं. निम्मी शिल्लक, निम्मं शिक्षक पतपेढीचं कर्ज. मी अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, तिला एसटीची पायरी चढवत नव्हती, म्हणून वाकून आत शिरावं लागू नये अशी गाडी हवी होती. वॅगनआर पक्की केली. पेट्रोल, एअरबॅगवालं २०१७ चं मॉडेल.

२०२२ च्या एप्रिलअखेर जळगावच्या एका विक्रेत्याकडे ती सापडली. पासिंग एमएच ०८, म्हणजे रत्नागिरीचं. तसल्याच गाडीला बाकीचे साडेतीन लाख सांगत होते, हा दोन लाख नव्वदला तयार. मालकाची बदली झाली, त्याला घाई आहे, असं कारण दिलं. "गुरुजी, गाडी एकदम चोख शे, आपली घरनीच समजा." आपल्या बोलीत बोलणारा माणूस आपल्याला बुडवणार नाही, असं मला मनापासून वाटलं. आज त्या वाक्याचाच सर्वांत जास्त राग येतो.

मी डोळे मिटून गाडी घेतली नाही. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून पाहिला. बँकेचा बोजा नव्हता, दंडाचं चलन थकलेलं नव्हतं. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. ओळखीच्या मेकॅनिकने इंजिनचा आवाज ऐकून मान हलवली. पाळधीपर्यंत चालवून आलो, बाहेर अंगाची लाही होत असताना आत एसी गारेगार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी यायची होती, तिला गाडीने आणायचं आईच्या मनात होतं. आदल्या दिवशी, २ मे ला, पैसे दिले. दीड लाखाचा चेक, एक लाख चाळीस हजार रोख. रोख रकमेची पावती त्याने दिली नाही, आणि सणाच्या घाईत मीही मागितली नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाच्या सह्या आधीच होत्या. महिनाभरात गाडी माझ्या नावावरही झाली.

पहिला चांगला पाऊस पडला त्या आठवड्यात गाडीचे सेंट्रल लॉक आपोआप उघडू-मिटू लागले. मग काचा अडकल्या. एका रात्री धुळ्याहून परतताना पारोळ्याच्या अलीकडे हायवेवर इंजिन बंद पडलं, हेडलाइट गेले आणि मागून ट्रक येत होते. आई आणि दोन्ही मुली आत होत्या. पैशांचं मी कधीतरी विसरेन, ती वीस मिनिटं विसरणार नाही.

अमळनेरला गाड्यांचं वायरिंग करणारे एक वयस्कर चाचा आहेत. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि पार शेवटपर्यंत ओढला. वरचा रोजचा भाग स्वच्छ. आत गुंडाळून राहणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर लालसर मातीचा वाळलेला थर. "गुरुजी, ही माती आपल्याकडची नाही." आपली जमीन काळी, कापसा-केळीची. ही कोकणातली होती. मग त्यांनी सीट सोडवली, कार्पेट उचललं. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले, वायरींच्या जोडण्यांवर हिरवट बुरशीसारखा गंज. तो गंज कोरडा असतो तोवर काम चालतं, ओल लागली की भलतीकडे करंट जातो. मे महिन्यात जळगावात घेतलेली ट्रायल या दोषापुरती काहीच कामाची नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

माझा एक जुना विद्यार्थी विम्याचं काम करतो. त्याने आधीच्या पॉलिसीचा नंबर घेऊन चौकशी केली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं, त्यात ही गाडीही बुडालेली. विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेलेली, धरून मालकाला भरपाई दिली, सांगाडा लिलावात गेला, कुणीतरी धुऊन-पुसून उभा केला. मालकाची बदली वगैरे काही नव्हतंच. अ‍ॅपवर यातलं काही दिसत नाही. पण एक खूण माझ्या हातात होती: २०२१ पर्यंत गाडीचा पूर्ण विमा, त्यानंतर फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता. चार वर्षांच्या गाडीचा पूर्ण विमा अचानक का सोडला, हा प्रश्न मी विचारायला हवा होता.

म्हणून जुनी गाडी बघायला जाल तेव्हा आधीच्या विम्याचे कागद मागाच, आणि क्लेम झाला होता का हे विमा कंपनीकडूनच काढा. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. स्टेपनी उचलून तिच्या खालचा खड्डा बघा. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे एकदा लागून विझले पाहिजेत. आमच्या गाडीत एअरबॅगचा दिवा लागतच नव्हता, त्याची वायर मुद्दाम काढलेली होती. म्हणजे माझ्या मुली ज्या एअरबॅगच्या भरवशावर बसत होत्या, ती चालू आहे की नाही हे सांगणारी खूणच पुसून टाकलेली होती. आणि रोख एक रुपयाही पावतीशिवाय देऊ नका.

विक्रेत्याने हात वर केले. "जशी आहे तशी" असं लिहिलेल्या कागदावर माझी सही होती. मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, हेही कितीतरी लोकांना ठाऊक नसतं. पण माझ्याकडे पुरावा आहे तो दीड लाखाच्या चेकचा. उरलेल्या रकमेबद्दल तो सरळ म्हणतो, मिळालीच नाही.

मध्यंतरी एक जण घरी आला. एक लाख नव्वद देतो, साफ करून इंदूरकडे काढून टाकतो, म्हणाला. पतपेढीचा हप्ता चालू होता, बायको माझ्याकडे बघत होती. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे, बेल्टवरची माती मी पुसू दिलेली नाही.