किटी टर्मिनल: टॅब आणि कंट्रोल-आय यांतला फरक ओळखणारं

शिफ्ट-एंटर दाबलं तरी निओव्हिम या एडिटरला साधं एंटरच दिसतं, कंट्रोल-आय मॅप केलं की टॅब बिघडतो. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, दिवसभर काम करणाऱ्याला हे नवं नाही. कंट्रोलसोबत अक्षर दाबलं की जुन्या पद्धतीत त्या अक्षराच्या कोडचे खालचे ५ बिटच उरतात. 'आय'चा कोड १०५, त्यातून उरतात ९, आणि ९ म्हणजे टॅब. तसंच 'एम'चे १३, म्हणजे एंटर. शिफ्टची खूण ठेवायला त्या बाइटमध्ये जागाच नाही. एडिटरपर्यंत फरक पोचतच नसेल, तर एडिटरच्या कॉन्फिगमध्ये कितीही शोधा, सापडणार नाही.

कॅलिबर हे ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कोविद गोयल यांच्या किटी टर्मिनलने हे दुखणं मुळातून काढलंय. एडिटरने मागणी केली की किटी एस्केप आणि चौकटी कंसानंतर कीचा क्रमांक आणि मॉडिफायर (शिफ्ट, ऑल्ट, कंट्रोल) वेगवेगळे पाठवतं: शिफ्ट-एंटर म्हणजे '१३;२यू', कंट्रोल-आय म्हणजे '१०५;५यू'. शिफ्टचा १, ऑल्टचा २, कंट्रोलचे ४. बेरीज करून त्यात १ मिळवायचा. किटीत वेगळी सेटिंग लागत नाही. काय जातंय ते बघायचं असेल तर 'किटन शो-की' चालवा, पुढे 'डॅश-एम किटी' जोडा. की अडली की आधी हेच करा, अर्धा तास वाचतो.

एक अडचण मात्र किटीची स्वतःची. कंट्रोल-शिफ्टच्या बऱ्याच जोड्या ते स्वतःकडे ठेवतं. कंट्रोल-शिफ्ट-टी एडिटरला हवं असेल तर किटीच्या कॉन्फिगमध्ये त्या जोडीला 'नो-ऑप' द्या, मग की पुढे जाते.

मध्ये टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारा प्रोग्राम) असेल तर किटीची पद्धत थेट पोचत नाही. टीमक्सचं 'एस्केप-टाइम', म्हणजे एस्केपनंतर थांबायचा वेळ, तेवढं तपासा. जुन्या आवृत्त्यांत ते ५०० मिलिसेकंद असतं, म्हणून एस्केप दाबून इन्सर्ट मोडमधून बाहेर पडताना अर्धा सेकंद अडकल्यासारखं वाटतं. १० पुरेत.

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांतल्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) जाणाऱ्यांनी साध्या एसएसएचऐवजी 'किटन एसएसएच' वापरावं. नाहीतर समोरच्या मशीनला बऱ्याचदा 'एक्सटर्म-किटी' हे टर्मिनलचं नाव माहीत नसतं आणि नॅनो एडिटर उघडतच नाही.

पंचवटी एक्स्प्रेसमध्ये लॅपटॉप उघडणाऱ्यांना कसारा घाट ठाऊक आहेच. बोगद्यात नेटवर्क गेलं, एसएसएच तुटलं, की पलीकडच्या एडिटरला नवी पद्धत बंद करायची संधीच मिळत नाही. मग आपल्या शेलवर कंट्रोल-सी दाबलं की '९९;५यू' असं काहीतरी उमटतं. खिडकी बंद करू नका. 'रीसेट' टाइप करून एंटर दाबा. नुसत्या दाबलेल्या एंटर, टॅब आणि बॅकस्पेस या तीन की मुद्दाम जुन्याच ठेवल्यात, त्या याचसाठी. इतका बारीक विचार फार थोड्या टर्मिनलांत दिसतो.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असताना 'सी'च्या जागी 'म' असतो. पर्यायी की कळवण्याची सोय एडिटरने मागितली, तर कंट्रोल-म '२३५०::९९;५यू' असं जातं. म्हणजे 'म'चा क्रमांकही मिळतो आणि त्या जागेवरच्या इंग्रजी 'सी'चाही. सगळे एडिटर हा दुसरा आकडा वाचत नाहीत. शिवाय नॉर्मल मोडमध्ये 'जे' दाबलं की साधा 'र'च जातो, तिथे एडिटरच्या कॉन्फिगमध्ये लँगमॅप (मराठी की कुठल्या इंग्रजी कीसारखी वागेल याची यादी) लिहावाच लागतो. जोडाक्षरंही चौकोनी घरांत नीट बसत नाहीत. लांब मराठी मजकुरासाठी किटी सुचवणार नाही.

विंडोजवर किटी थेट चालत नाही, आणि फार जुन्या ग्राफिक्सच्या मशीनवर सुरूच होत नाही. अशा जुन्या लिनक्स मशीनवर वेलँड (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी नवी प्रणाली) असेल तर फूट हे टर्मिनल घ्या. हीच की-पद्धत, ग्राफिक्स कार्डची गरज नाही. अलाक्रिटी या टर्मिनलमध्येही ०.१३ पासून हीच की-पद्धत आहे. वेझटर्म या टर्मिनलमध्ये मात्र ही सोय कॉन्फिगमधून चालू करावी लागते.