मागे पडलेल्या उमेदवाराने कधी थांबावं?

अमेरिकेत प्रचारात राबणाऱ्या भाचीचा प्रश्न: "मामा, आमचा उमेदवार प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणाऱ्या निवडणुकीत) मागे पडलाय. आता थांबावं की पक्षाच्या अधिवेशनापर्यंत लढावं?"

आधी गणित बघ. डेमोक्रॅटिक पक्षात किमान 15 टक्के मतं मिळाली की त्या प्रमाणात प्रतिनिधी, म्हणजे अधिवेशनात उमेदवार निवडणारे लोक, मिळतात. पिछाडीवाल्याला यात आशा दिसते, पण आघाडीवालाही प्रत्येक राज्यात आपला वाटा उचलतच असतो. म्हणून तूट भरायला पुढची राज्यं नुसती जिंकून भागत नाही, मोठ्या फरकाने जिंकावी लागतात. ते शक्य नसेल तर उमेदवारीची आशा सोडावी.

पैशाचं म्हणशील तर लवकर थांबणं केव्हाही स्वस्त. 2008 मध्ये हिलरी क्लिंटन जूनपर्यंत लढल्या आणि दोन कोटी डॉलरहून जास्त देणं डोक्यावर घेऊन बाहेर पडल्या.

पक्षाला बसणारा फटका मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 1980 मध्ये टेड केनेडी आपल्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्याविरुद्ध अधिवेशनापर्यंत अडून राहिले आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत कार्टर हरले. महागाई होती, इराणमधले ओलीस होते, पण दुफळीही नडलीच. उलट 1976 मध्ये रिपब्लिकन पक्षात रेगनही अधिवेशनापर्यंत लढले, फोर्ड यांच्याकडून प्रतिनिधींच्या 1070 विरुद्ध 1187 मतांनी थोडक्यात हरले आणि चार वर्षांनी तेच उमेदवार झाले.

तेव्हा अंतर रेगनइतकं थोडं असेल, किंवा डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी लढलेल्या बर्नी सँडर्स यांच्यासारखं आपला मुद्दा पक्षाच्या जाहीरनाम्यात घालायचा असेल आणि छोट्या देणग्या येत असतील, तर लढा. आपल्याच विचाराचा दुसरा पुढे असेल, तर डेमोक्रॅटिक पक्षातले इच्छुक बुटिजेज आणि क्लोबुशार 2020 मध्ये थांबले तसं सुपर ट्यूसडेच्या, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांत प्रायमरी होतात त्या मंगळवारच्या, आधीच थांबा.