पृथ्वीचा फोमचा गोळा आणि भूपट्टांचं कोडं: शाळेसाठी घ्यावं का?

आठवीला ‘पृथ्वीचे अंतरंग’ हा धडा आहे. फळ्यावर वर्तुळं काढून तो कसाबसा उरकता येतो, पण प्रावरण, म्हणजे वरचं भूकवच आणि आतला गाभा यांच्या मधला जाड थर, म्हटलं की लेकरांच्या डोळ्यांपुढं काहीच उभं राहत नाही. म्हणून लातूरच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून हा संच आणला. ३० सेंमी व्यासाचा, चतकोर भाग कापून आतले थर दाखवणारा फोमचा गोळा आणि सोबत लाकडी तुकड्यांचं भूपट्टांचं, म्हणजे पृथ्वीचा वरचा टणक थर ज्या सरकत्या तुकड्यांत विभागलाय त्यांचं, कोडं. छापील किंमत १८५० रुपये, घासाघीस करून सोळाशेला बसला. अशाच धर्तीचे संच बऱ्याच कंपन्या काढतात, त्यामुळं नाव लिहीत नाही.

आधी गोळा. गोळ्याची त्रिज्या १५ सेंमी, पृथ्वीची ६,३७१ किमी, म्हणजे १ मिमीला साधारण ४२ किमी. पोरांच्या हातात पट्टी देऊन मोजायला लावलं. अंतर्गाभ्याची त्रिज्या १,२२० किमीच्या आसपास आहे. गोळ्यावर ती तीन सेंमीला जराशी कमी भरायला हवी, आणि तेवढीच भरली. बाह्यगाभाही चोख. घोळ सगळा भूकवचात. खंडांखाली कवच ३० ते ४० किमी जाड, म्हणजे इथं जेमतेम १ मिमी दिसायला पाहिजे. महासागरांखाली तर ते ५ ते १० किमीच. कंपनीनं मात्र दीड सेंमी जाडीचं तपकिरी साल चढवलंय! त्या हिशेबानं भूकवच सहाशे किलोमीटरच्या वर जातं. पोरांनीच हे गणित करून काढलं, त्यामुळं चूक वाया गेली नाही म्हणा.

दुसरी चूक मात्र माफ करण्यासारखी नाही. प्रावरण लालभडक रंगवलंय आणि सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय की भूपट्ट लाव्ह्याच्या समुद्रावर तरंगतात. साफ खोटं. प्रावरण घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत. प्रावरणातून त्या आरपार जातात आणि २,९०० किमी खोलीवर, बाह्यगाभ्याशी थांबतात. द्रव आहे तो बाह्यगाभा. घन असूनही प्रावरण लाखो वर्षांत हळूहळू वाहतं, कसं? आमच्याकडं मे महिन्यात डांबर बघा: गोटा मारला तर टणक, पण जड ट्रक रात्रभर उभा राहिला की चाकाखाली खड्डा. वर्गात एवढं पुरतं. पुस्तिका मी कपाटात टाकली.

कोडं मात्र फार गुणाचं आहे. भूपट्ट म्हणजे खंड, ही लेकरांची पक्की समजूत असते. इथं आफ्रिकेचा तुकडा उचलला की त्याला निम्मा दक्षिण अटलांटिक चिकटूनच येतो. उरलेला निम्मा दक्षिण अमेरिकेच्या तुकड्यावर. दोन्ही जोडले की मधे जी शिवण पडते तीच समुद्रतळावरची पर्वतरांग. तिथं नवं कवच तयार होतं आणि दोन्ही बाजू वर्षाला दोन-तीन सेंमीनं लांब सरकतात. हे सांगायला मला एरवी दोन तास लागतात. तुकडे जाड आहेत, कडा घासलेल्या आहेत, पोरांच्या हाताळण्यानं अजून एकही तुटला नाही. बाणांचे स्टिकर मात्र निघायला लागलेत.

आता खरी तक्रार. कोड्यावर भूकंपांचे लाल ठिपके फक्त भूपट्टांच्या कडांना आहेत. जपान, चिली, हिमालय. आमची शाळा औसा तालुक्यात. एका पोरीनं लगेच विचारलं, “मॅडम, किल्लारी तर कडंला नाही की. मग तिथं कसा काय झाला?” बरोबरच विचारलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, विसर्जनाची रात्र. ६.२ तीव्रतेचा धक्का, दगडमातीच्या भिंती, वर माळवदाचं ओझं. जवळपास दहा हजार माणसं गेली. आणि भूपट्टाची सगळ्यात जवळची कड इथून हजार किलोमीटरहून लांब!

भारतीय भूपट्ट युरेशियाला धडकल्याला सुमारे पाच कोटी वर्षं झाली, तरी वर्षाला पाचेक सेंमीचा रेटा चालूच आहे. तो ताण कडेलाच थांबत नाही, भूपट्टाच्या पोटातही साठतो. आपल्या काळ्या दगडाच्या थरांखाली एखादी जुनी भेग कमजोर असली की तिथं सुटतो. कडेच्या मानानं असे भूकंप विरळ, पण होतात. २०२४ साली हिंगोली-नांदेडकडं बसलेले हादरे तर याच पोरांना आठवतात. महाराष्ट्रात विकायच्या संचावर किल्लारी आणि कोयना (११ डिसेंबर १९६७) एवढे दोन ठिपके टाकायला कंपनीला किती शाई लागली असती? शेवटी पोरींनी लाल टिकल्या आणून चिकटवल्या. स्टिकरपेक्षा त्या बऱ्या टिकल्यात.

पाचपैकी तीन तारे, तेही कोड्यामुळं. दुकानदाराला विचारा, कोडं सुटंही मिळतं, सहाशेच्या आसपास. शाळेला तेवढंच घ्या. गोळा घेतलाच तर खोक्यासकट ठेवा, कोपऱ्यांवरचा फोम लगेच टवके धरतो.